नो-ड्यूज

सोडून जायला अकरा सह्या लागतात.
ग्रंथालय, वसतिगृह, स्टोअर, जिमखाना
(जिथे यांच्यातलं कोणी कधी गेलेलं नसतं),
आणि नववी सही माझी :
काचकाम विभाग, तळमजला, जिन्याखाली.

एकोणतीस वर्षं इथे काच फुंकतोय.
कालिन्यावरून विमानं इतकी खालून जातात
की वाक्य मध्येच थांबवावं लागतं,
आवाज सरला की पुढचा शब्द.
कितीतरी पोरांचं खरं बोलणं
त्या थांबण्यात राहून गेलं असेल.

साईप्रसाद खिल्लारे, रसायनशास्त्र, पाचवं वर्ष.
मी डबा खात होतो. उजवा हात खरकटा,
म्हणून डाव्यानेच फॉर्म ओढला, डाव्यानेच सही केली.
"भाजी घेतोस?" म्हटलं.
"नको काका."
पाच वर्षं, आणि माझ्याकडची दोन मिनिटं.
त्याचा मॅनिफोल्ड अजून माझ्या फळीवर आहे,
तीन तोंडं जोडलेली, चौथं राहिलेलं.
ठाण्याला कुठल्याशा क्लासमध्ये शिकवतो म्हणे.
त्यात वाईट काही नाही.
पण फळी पुसताना दर वेळी
ते चौथं तोंड हाताला लागतं. म्हणजे, लागत नाही.

म्हणून हर्षला तांडेल फॉर्म घेऊन आली तेव्हा
मी आधी हात धुतले.
आठ सह्या झाल्या होत्या.
सात महिने फेलोशिप नाही,
तिसरं प्रकरण गणपतीपासून गाईडच्या टेबलावर,
वेसाव्याला आई विचारते, अजून किती यत्ता उरल्या गो.
हे सगळं मला नंतर कळलं.
तेव्हा ती एवढंच म्हणाली, "सही हवी होती."

मी रजिस्टर काढलं. पानं उलटत राहिलो.
"तुझ्या नावावर एक फ्लास्क बाकी आहे.
अडीचशे मिली, गोल बुडाचा."
"मी घेतलाच नाही."
"लिहिलंय."
लिहिलं नव्हतं.
वरून विमान चाललं होतं, तेवढ्यात पान मिटलं.
"विकत आणून देते."
"विकतचा चालत नाही. इथे बसून करायचा."

पहिला फ्लास्क वांग्यासारखा झाला.
दुसरा कशासारखाच नाही.
तिसऱ्याच्या वेळी, ज्योतीकडे बघत,
चष्म्याआडून, मला न सांगता सांगावं तसं
ती बोलायला लागली.
मी नळी फिरवत राहिलो. थांबलो असतो तर थांबली असती.

एवढंच सांगितलं : तापलेली काच
उघड्यावर ठेवायची नाही. भट्टीत ठेवून
रात्रभर हळूहळू निववायची.
नाहीतर दिसते धड,
आणि कोणी नसताना तडकते.

फेलोशिपचं मला काय कळणार?
पण लेखा विभागातल्या पिंटोबाईंची
अडकलेली फाइल कुठे असते ते कळतं.
शिपायाला चहा, बाईंना दोन वेळा नमस्कार,
तिसऱ्या दिवशी सापडली.
गाईडना काही म्हणालो नाही. म्हणजे, एकदा म्हणालो :
"सर, पोरगी हाताने चांगली आहे."
ते माझ्याकडे असे बघत राहिले
की जिन्याखालूनही कोणी बोलतं हे त्यांना नवीन असावं.
प्रकरण आठवड्याने परत आलं. लाल शाईने भरलेलं.
ती लाल शाई बघून हर्षला रडली, आनंदाने.
वाचलं होतं ना कोणीतरी.

मग तिने भौतिकशास्त्रातला एक पोरगा आणला,
त्याने आणखी दोघींना.
बुधवारी चार वाजता, ज्याचं जे फुटलं असेल ते घेऊन.
सगळंच काही काचेचं नसतं.
सगळंच काही जुळत नाही.
एक जण तरीही गेला, मार्चमध्ये.
त्याच्या फॉर्मवर सही करायला मी तासभर घेतला,
चहा दोनदा झाला, आणि तो नीट निरोप घेऊन गेला.

पदवी घेतानाही अकरा सह्या लागतात. तोच फॉर्म.
हर्षलाने माझ्या हातून रजिस्टर ओढलं,
आपलं पान काढलं.
कोरं होतं.
काही बोलली नाही. वर विमानही नव्हतं.
माझं पेन घेऊन लिहिलं :
फ्लास्क, अडीचशे मिली, एक. बाकी.

मी सही केली. हात धुऊन.
साईप्रसादचा नंबर स्टोअरवाल्याकडून घेतलाय,
फळीवर, त्या मॅनिफोल्डखाली चिठ्ठी ठेवलीये.
फोन अजून केलेला नाही.